खेडच्या घाटमाथ्यावरील वारा आणि त्याचे हक्कदार

खेड तालुक्याच्या दक्षिणेकडील निघोजे हे गाव आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. या पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात. त्याच तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगररांगांत, महादेव कोळ्यांची जुनी वस्ती आहे. ‘स्वच्छ ऊर्जा’ या पदाचा अर्थ या दोन्ही ठिकाणी एकच लागतो काय, हे इतिहासाच्या आधारे तपासण्याजोगे आहे.

सह्याद्रीच्या या भागास हा प्रश्न नवा नाही. भिवपुरीचे जलविद्युत्केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशीच्या मावळ्यांचा सत्याग्रह चालला होता. मुळशीचा लढा केवळ आदिवासींचा नव्हता, हे खरे. परंतु धूर न ओकणारी वीजही कोणाच्या तरी भातखाचरांवर उभी असते, हे तेथे प्रथम उघड झाले.

पुढे खेडच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या आल्या. वारा फुकट असला, तरी पवनचक्कीपर्यंतचा रस्ता फुकट नसतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाचा परामर्श घेतला. डोंगर कापून केलेल्या रस्त्यांमुळे दरडी कोसळल्या, राडारोडा शेतांत उतरला, आणि पिढ्यानपिढ्या त्या डोंगरावर वावरणाऱ्यांनाच तेथे मज्जाव होऊ लागला, असे त्यातून दिसते. वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन हा ग्रामसमूहाचा हक्क मानला असून, पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्कही त्यात नोंदला आहे. वनजमीन वळविण्यास ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राच्या ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले गेले. ज्या समाजाने देवराया राखल्या, त्याला उताराचे व पाण्याचे ज्ञान असणारच. ते विचारून घेण्याची पद्धत मात्र रूढ झाली नाही.

याच्या उलट उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावचे. तेथील आदिवासींनी केरळातील तरुण अभियंत्यांच्या साहाय्याने, स्वतःच्या श्रमाने, धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचे केंद्र उभारले. २००३ मध्ये ते सुरू झाले. ओहोळ गावचा, बंधारा गावचा आणि देखभालही गावचीच. नेतृत्व म्हणजे काय, हे येथे व्याख्येवाचून कळते. २००६ च्या पावसाळ्यात ते केंद्र सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली बुडाले. तो फुगवटाही जलविद्युत निर्माण करणाऱ्या धरणाचाच होता.