गच्चीवरचे पाणी

मोठ्या इमारतीत पाऊल टाकले की आपली नजर झुंबरांवर आणि संगमरवरी फरशीवर ठरते. तळघरातले पंप किंवा गच्चीवरचा पाणी थंड करणारा मनोरा पाहायला कोणी जात नाही. ते काम तेथील यंत्रे सांभाळणाऱ्या इंजिनियरचे. त्या दृष्टीआडच्या पाण्याकडे जगाला कसे पाहावे लागले, त्याची ही हकीकत.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. फिलाडेल्फिया शहरात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या जुन्या, नामांकित हॉटेलात २१ ते २४ जुलैपर्यंत ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रांतिक अधिवेशन भरले. मंडळी घरोघर परतली आणि तापाने, न्यूमोनियाने एकेक जण अंथरूण धरू लागला. हॉटेलात न शिरलेले, नुसते शेजारच्या रस्त्यावरून गेलेले काही जणही आजारी पडले. एकंदर २२१ जणांना हा आजार जडला आणि ३४ जण दगावले. विषाचाही संशय घेऊन झाला, पण हाती काही लागेना. गिऱ्हाईक तुटले आणि नोव्हेंबरात हॉटेलला टाळे लागले.

अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड यांनी नाताळच्या सुमारास जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. जानेवारी १९७७ मध्ये जंतू सापडल्याचे जाहीर झाले. सैनिकांच्या संघटनेवरून त्याला ‘लीजनेला’ हे नाव मिळाले. हॉटेलात तो नेमका कोठून आला हे निर्विवाद ठरले नाही. संशयाचे बोट मात्र वातानुकूलन यंत्रणेकडे वळले.

मग जुनी दप्तरे उघडली गेली. १९६८ साली मिशिगन राज्यातील पाँटिअ‍ॅक गावी एका कचेरीत १४४ जण तापाने फणफणले होते, सुदैवाने दगावले कोणीच नाही. ती कचेरी होती चक्क आरोग्य खात्याची! चौकशीला आलेले अधिकारीही तेथे आजारी पडले होते. यंत्रातल्या पाण्याचे तुषार हवेच्या नळांतील भेगांतून खोल्यांत शिरत होते. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा जंतू तोच निघाला.

यात जादू काही नाही. खोल्यांतली उष्णता पाण्यात उतरते, ते पाणी मनोऱ्यात शिंपडले जाते, थोड्याची वाफ होते आणि उरलेले निवते. साधारण २५ ते ४५ अंशांचे कोमट पाणी, त्यात धूळ आणि शेवाळ, म्हणजे या जंतूला आयतेच माहेर. बारीक तुषार वाऱ्यावर उडाले की श्वासाबरोबर ते छातीत जातात.

म्हणून मनोरा घासणे, गाळ काढणे, पाण्यात औषध टाकणे, तुषार अडवणाऱ्या जाळ्या नीट ठेवणे ही कामे केवळ यंत्राच्या आयुष्याची राहिली नाहीत. ती माणसांच्या आयुष्याची झाली. २०१५ साली अमेरिकेतील वातानुकूलन-अभियंत्यांच्या संस्थेने इमारतींतील पाण्यासाठी खास नियमावलीच काढली.

आपल्याकडेही आज रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या गच्च्यांवर असे मनोरे फिरत असतात. दिवाळीच्या रात्री घरोघर फराळाची ताटे मांडली जातात, तेव्हाही कोणी इंजिनियर हातात विजेरी घेऊन तेथे चढलेला असतो. तो पाण्याचा नमुना घेतो, नोंदवहीत आकडे टिपतो आणि खाली उतरतो. खालच्या मजल्यावर झोपलेल्या रोग्यांना त्याचे नावही ठाऊक नसते.