सावलीची तिथी : सोनगीर, पाटण आणि जेऊर

धुळ्याहून उत्तरेकडे आग्रा रस्त्याने निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेले हे गाव. गावालगतच्या टेकडीवर पडक्या तटाबुरुजांचा किल्ला आहे. या किल्ल्यामागून उगवणारा पौषातला चंद्र छायाचित्रात पकडावा, एवढाच आमचा साधा हेतू होता. पंचांगात चंद्रोदयाची वेळ पाहिली, पूर्व दिशा गृहीत धरली, बुरूज मध्यावर येईल अशी जागा निवडली आणि आम्ही उभे राहिलो. चंद्र आला तो बऱ्याच उशिराने, आणि आम्ही योजलेल्या बुरुजापासून कितीतरी दूर. चूक सर्वस्वी आमची होती. परंतु ती का झाली याचा शोध घेऊ लागल्यावर खानदेशातीलच एका जुन्या विद्येपर्यंत जाऊन पोहोचलो. प्रस्तुत लेख त्या शोधाविषयी आहे.

आमच्या चुका तीन होत्या. पहिली दिशेची. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. म्हणून हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवत असताना पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो. सोनगीरच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २१ अंशांवर, सूर्य वर्षभरात पूर्वबिंदूच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत जातो. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी पाच अंश कललेली असल्यामुळे त्याची मर्यादा स्थिर नसते. साडेअठरा वर्षांच्या आवर्तनात ती कधी वीस अंशांच्या आसपास राहते, तर कधी एकतीस अंशांपर्यंत वाढते. २००६ आणि २०२४-२५ ही अशी कमाल मर्यादेची वर्षे होती; यानंतरची संधी २०४३ च्या सुमारास.

दुसरी चूक काळाची. पंचांगातला चंद्रोदय सपाट क्षितिजाचा असतो, टेकडीचा नव्हे. टेकडीआडून वर येईपर्यंत चंद्र नुसता वर चढत नाही, तो दक्षिणेकडेही कलतो. आपल्या अक्षांशावर दर अंशामागे जवळजवळ अर्धा अंश. तिसरी चूक स्थळाची. चंद्रबिंबाचा कोनीय व्यास अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. तेव्हा दहा मीटर उंचीचा बुरूज आणि चंद्र सारख्याच आकाराचे दिसायला हवे असतील तर बुरुजापासून सुमारे ११५० मीटरवर उभे राहावे लागते. त्या अंतरावरून चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो आणि चित्र हातचे जाते.

दिशा, स्थळ आणि काळ. हे तीन प्रश्न एकत्र मांडले तेव्हा ध्यानात आले की त्यांना आपल्याकडे फार जुने नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ग्रहगणितात ‘त्रिप्रश्नाधिकार’ नावाचे प्रकरण आहे. दिक्, देश आणि काल हेच ते तीन प्रश्न, आणि त्यांचे उत्तर देणारे साधन म्हणजे शंकू, जमिनीत सरळ रोवलेली बारा अंगुळांची काठी. तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते आणि दुपारनंतर बाहेर पडते ते दोन बिंदू जोडावेत. पूर्वपश्चिम रेषा मिळते. विषुवदिनी मध्यान्हीची सावली मोजावी. स्थळाचा अक्षांश कळतो. या सावलीला पलभा म्हणतात. सोनगीरची पलभा सुमारे ४.६ अंगुळे भरेल. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की मध्यान्ही येथे शंकूला सावलीच उरत नाही. ते मध्यान्हही घड्याळातल्या बाराला होत नाही. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सोनगीर पश्चिमेला असल्याने सरासरीने साडेबारा वाजता होते.

या विद्येचे एक पीठ खानदेशातच होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. दानाचा काळ इ.स. १२०७ असा मानला जातो, आणि दान चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिले गेले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण मठासाठी धान्य व तेल कोणी किती द्यावे हा व्यवहार जुन्या मराठीत सांगितला आहे. भास्कराचार्य स्वतः पाटणचे होते की नाही याविषयी मतभेद आहेत. परंतु मराठीच्या विद्यार्थ्याला जो लेख भाषेचा पुरावा म्हणून ठाऊक असतो, तोच सावली मोजणाऱ्यांच्या शाळेचाही पुरावा आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधातून. हेच भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीचेही सभासद होते. छायाचित्रणाची नवी कला आणि सावलीचे जुने गणित एकाच घरात नांदत होते. त्या दोहोंचे नाते मात्र आपल्या टीकालेखनाने फारसे जोडलेले नाही.

ते नाते महाराष्ट्राच्या भूमीवर उघड दिसले २२ जानेवारी १८९८ रोजी. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाड-नागपूरकडे गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर होते. वऱ्हाडातील तळणीला ॲनी मॉन्डर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्यप्रभेचा फार दूरवर पसरलेला झोत टिपला. सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची साधने घेऊन उतरले होते. जेऊरलाच अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेल यांचा चाळीस फुटी कॅमेरा उभारला गेला. एवढा कॅमेरा ऐन वेळी सूर्याकडे वळवता येत नाही. म्हणून सूर्य त्या दोन मिनिटांत आकाशात जेथे असणार, तेथे रोखून तो आधीच पक्का करायचा आणि सूर्य पुढे सरकेल तशी फक्त काच घड्याळाच्या गतीने सरकवायची. येथे कलावंताने क्षण पकडला असे म्हणता येत नाही. क्षण आधीच ठरलेला होता. माणसे त्याच्या वाटेवर जाऊन बसली होती.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकाच्या इंग्रजी शीर्षकामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना रूढ झाली, आणि मराठी समीक्षेतही छायाचित्राची चर्चा बहुधा ‘निसटता क्षण’ या भाषेतच होते. रस्त्यावरच्या माणसांच्या चित्रांना ती लागू पडेल. सूर्यचंद्राच्या प्रकाशातील स्थळचित्रांना मात्र ती पुरत नाही. तेथील क्षण निसटता नसून ठरावीक असतो, आणि म्हणूनच तो चित्रातून पुन्हा वाचताही येतो.

हे वाचन कसे होते याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. ॲन्सेल ॲडम्स यांनी हर्नांडेझ या खेड्यावरच्या चंद्रोदयाचे जगप्रसिद्ध चित्र काढले. पण नेमके कधी, हे ते निश्चित सांगू शकत नव्हते. १९९१ साली डेनिस डी चिको यांनी चंद्राचे स्थान गणिताने तपासून दिवस व वेळ ठरवली : १ नोव्हेंबर १९४१, दुपारी चार वाजून एकोणपन्नास मिनिटे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. वर्ष न घातलेले जुने पत्र हाती आले की तिथी आणि वार यांचा मेळ जंत्रीवरून घालून कालनिर्णय करणे, हे धुळ्यात अखेरचा श्वास घेतलेल्या राजवाड्यांच्या पिढीपासून आपल्या संशोधनाचे नित्याचे काम आहे. छायाचित्रातील सावली ही त्या चित्राची तिथीच होय. ती अर्थात एकटी पुरेशी नसते. सूर्य वर्षातून दोनदा त्याच क्रांतीवर येतो, म्हणून एका सावलीला दोन तारखा निघतात. मेअखेर आणि जुलैमध्य यांची सावली सारखीच. तेथे झाडांची पाने, नदीचे पाणी, शेतातले पीक यांची साक्ष काढावी लागते.

याची निकड का, हे सांगायला खानदेशातीलच एक स्मृती पुरेशी आहे. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातील नकला करीत राहिले. त्यांतील बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. उरली ती त्यांनी लेण्यांची काढलेली छायाचित्रे. १८७९ साली गिल वारले आणि भुसावळला त्यांचे दफन झाले. रंग गेले, सावल्या राहिल्या. त्या सावल्या वाचणे हे त्यांच्या वाचकांचे काम आहे.

आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांत, वाड्यांच्या भिंतींवर, संस्थांच्या दप्तरांत तारीख नसलेली कितीतरी जुनी छायाचित्रे पडून आहेत. त्यांतील इमारत आजही उभी असेल तोवरच तिची दिशा मोजता येईल. इमारत पडली की सावलीचा अर्थही हरपतो. मोजायला फार काही लागत नाही. एक काठी, एक दोरी आणि एक निरभ्र दिवस पुरे. आम्ही सोनगीरला पुन्हा जाऊ तेव्हा पौर्णिमेऐवजी आदल्या दिवशीची, चतुर्दशीची संध्याकाळ धरणार आहोत, कारण तेव्हा चंद्र सूर्यास्तापूर्वीच उगवतो आणि तटावर उजेड शिल्लक असतो. या खेपेला अंतर आधी पावलांनी मोजू. आणि चित्रामागे तारीख लिहून ठेवू.