जबड्याच्या स्नायुवेदनेवर बोट्युलिनम विष

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतले तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून विष तयार करणारा जिवाणू शोधून काढला. तेच बोट्युलिनम विष आज अत्यल्प मात्रेत औषध म्हणून वापरले जाते.

मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवले की स्नायू आकसतो. हे विष तो स्राव रोखते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

झोपेत दात खाणाऱ्यांचा जबडा सकाळी ठणकतो, कधी कानशिलापर्यंत कळ जाते. अशा दुखण्यावरही हे विष वापरतात. त्यासाठी डॉक्टर रुग्णाला आधी दात आवळायला सांगतात. गालाच्या मागच्या भागात चर्वणस्नायूचा टणक उंचवटा बोटांना लागतो. त्यातच, गरजेनुसार कानशिलाच्या स्नायूतही, बारीक सुईने काही ठिकाणी औषध देतात. काही दिवसांत गुण दिसू लागतो, तीनेक महिन्यांत ओसरतो.

काहींना खरोखर आराम पडतो, पण चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. जबड्याच्या दुखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यताही नाही. म्हणून मऊ आहार, जबड्याचे व्यायाम आणि दातांवरची पट्टी हे उपाय आधी करून पाहावेत. चावण्याची ताकद कमी होणे, हसू वाकडे होणे हे संभाव्य दुष्परिणाम. गरोदरपणात आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारख्या स्नायुदुर्बलतेच्या आजारात हे इंजेक्शन टाळतात. इंजेक्शननंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.