डी'सोझा आणि एक चिन्ह

आजची गोष्ट एका इवल्याशा चिन्हाची.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक तक्रार आली. वसईच्या एका बाईंना आमच्या फॉर्ममध्ये आडनावच भरता येत नव्हतं. इंग्रजीत ते 'डी', मग ॲपोस्ट्रॉफी, मग 'सोझा' असं लिहितात. सबमिट केलं की एरर. मी काय केलं? ते चिन्हच बंद करून टाकलं. "अवैध अक्षर" असा लाल मेसेज लावला आणि तिकीट क्लोज. आपण एखाद्याच्या आडनावालाच अवैध म्हणतोय, हे डोक्यातही आलं नाही.

आता हा घोळ मुळात कुठला? १९७४ साली आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 'सीक्वेल' भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे एकेरी अवतरणचिन्ह सांगतं. आणि ॲपोस्ट्रॉफीही तेच चिन्ह! आस्की तक्त्यात दोघांचा नंबर एकच, ३९. त्यामुळे डेटाबेसला वाटतं, नाव 'डी'पाशीच संपलं. पुढचं 'सोझा' तो आज्ञा म्हणून वाचायला जातो आणि अडखळतो.

गंमत म्हणजे आस्कीत २८ ते ३१ हे चार नंबर खास माहिती वेगळी करायलाच राखून ठेवलेत. पण ती चिन्हं ना डोळ्यांना दिसतात, ना कीबोर्डवर त्यांची बटणं असतात. मग लोकांनी हाताशी होतं तेच वापरलं: कॉमा आणि अवतरणचिन्ह.

डी'सोझा चुकून आज्ञेत शिरते, तर कोणी मुद्दाम का नाही शिरणार? १९९८ च्या डिसेंबरमध्ये 'फ्रॅक' मासिकाच्या ५४व्या अंकात जेफ फॉरिस्टलनं टोपणनावानं नेमकं हेच दाखवलं. त्यालाच पुढे एसक्यूएल इंजेक्शन म्हणू लागले. आणि हे जुनं झालं म्हणून संपलं नाही हं! २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीतून याच वाटेनं सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती गेली. कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला.

मग उपाय काय? चिन्हावर बंदी नाही. चिन्ह दोनदा लिहिलं की एसक्यूएल ते मजकूर समजतं, पण एका जागी विसरलात की संपलं. खरा उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. तहसील कचेरीतला छापील अर्ज आठवा. रिकाम्या जागेत काहीही लिहा, छापलेलं वाक्य बदलत नाही. इथेही तसंच: आधी आज्ञेचा साचा डेटाबेसकडे जातो, माहिती वेगळी जाते.

माझा तो लाल मेसेज एका सीनियर ताईंनी रिव्ह्यूमध्ये पकडला. म्हणाल्या, "अरे, नाव त्यांचं बरोबर आहे. क्वेरी तुझी चुकलीये." दुरुस्तीला जेमतेम दहा मिनिटं लागली.

आज तुमच्या फॉर्ममध्ये एकदा डी'सोझा टाकून बघा. काय होतं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!