जोडकामाचा इतिहास : गोरेगावच्या एका वर्कशॉपच्या निमित्ताने

आमच्या इतिहासलेखनात सत्याग्रहांची, परिषदांची आणि मोर्च्यांची नोंद होते. ती व्हायलाच हवी. परंतु कोणते हत्यार आमच्या हाती केव्हा आले, आणि हाती आलेले हत्यार बिघडले तेव्हा ते कोणी दुरुस्त केले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा थोरला भाऊ गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावात घराच्या सपरीत वेल्डिंगचे काम करतो. घरातला पहिला पदवीधर मी असलो तरी घरातले पहिले यंत्र त्याचे आहे. त्या यंत्राने मला जो इतिहास वाचायला लावला तो येथे मांडतो.

लोखंड या मुलखाला नवे नाही. आमच्या ईशान्येस मैकल डोंगररांगेत अगरिया लोक दगडापासून लोखंड गाळीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींचे जे खंड प्रसिद्ध केले, त्यांत लोहार, खाती, पांचाळ यांची नोंद एकत्र आहे. गावचा लोहार फाळ, विळा, कुऱ्हाड घडवी आणि शेतकऱ्याकडून सुगीला धान्य घेई. तोही काही सुखात नव्हता. परंतु भात्यापाशी बसण्याचा हक्क बापाकडून मुलाकडेच जाई. महाराच्या पोराला तेथे शिकाऊ म्हणून जागा नव्हती; त्याच्या वाट्याला गावकीची कामे आणि जाडेभरडे विणकाम. लाहोरसाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी याच व्यवस्थेचे आर्थिक अंग उघडे केले : माणसाची कुवत आणि आवड न पाहता त्याचा धंदा जन्मानेच ठरवला जातो, आणि बदलत्या उद्योगांत तो माणूस निकामी ठरतो.

विजेचे जोडकाम या व्यवस्थेच्या बाहेरून आले. १८८० नंतरच्या दशकात रशियात बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीने विजेचा चाप पेटवून धातू जोडला. १८८८ साली स्लाव्यानोव्ह यांनी धातूचीच कांडी वापरली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या शेलबर्ग यांनी त्या कांडीवर लेप चढवला. आज गोरेगावात जो रॉड मिळतो तो त्या लेपाच्या कांडीचाच वंशज होय. आमच्या गावगाड्यात या विद्येला वतनदार नव्हता. तिच्यासाठी कोणाच्या आजोबाची ऐरण लागत नव्हती. शिकवणारा आणि वीज, एवढेच पुरे होते.

या दोन्ही गोष्टींशी बाबासाहेबांचा संबंध आहे, आणि तो आपण पुरेसा सांगत नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धासाठी कारागीर तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजपुरवठ्याच्या धोरणसमितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४५ साली त्याच खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले आणि १९५० पासून त्याच वाटेने कारागीर प्रशिक्षणाची योजना, म्हणजे आपल्या ओळखीची आयटीआय, आली. १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. गोरेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. ज्या जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठवले नाही, त्या जिल्ह्यातील आठवी शिकलेले पोर आज एका वर्षात वेल्डर होऊ शकते.

तर मग कुलूप उघडले का? अर्धेच उघडले. यंत्र चालवण्याची विद्या खुली झाली. यंत्र दुरुस्त करण्याची विद्या पुन्हा पाठ फिरवून बसली.

आमच्याकडे वेल्डिंगचा खरा हंगाम रोवणीचा. चिखलणीत ट्रॅक्टरची लोखंडी केजव्हील तुटतात आणि शेतकरी दारात उभा राहतो. त्याला एक दिवसही थांबता येत नाही. अशाच एका पावसाळ्यात भावाच्या इन्व्हर्टर मशीनचा रॉड चिकटू लागला. शहरातल्या एका मेकॅनिकने मशीन चार दिवस ठेवून घेतले, ‘कार्ड गेले’ म्हणून पैसे घेतले आणि काय केले हे सांगितले नाही. मशीन बचत गटाच्या कर्जातून घेतलेले. चार दिवसांची मजुरी बुडाली, हप्ता चुकला नाही. महिन्याभरात तोच दोष परत आला. या वेळी भावाने बाहेरून तपासायला घेतले, तेव्हा जॉबला लावायच्या क्लॅम्पपाशी केबलचा लग सैल आणि गंजलेला निघाला.

यामागचे गणित शाळेतलेच आहे. १०० ॲम्पिअरवर चाप सुमारे २४ व्होल्टवर जळतो. सैल जोडाचा रोध एक ओहमचा पन्नासावा भाग असला तरी त्यात २ व्होल्ट खर्च होतात आणि २०० वॉट उष्णता तेथेच तयार होते. चाप दुबळा पडतो, रॉड चिकटतो, केबलचे रबर वितळते आणि दोष मात्र कार्डाच्या माथी बसतो.

त्यानंतर भावाने सांगितले आणि मी वहीत उतरवले. क्रम बाहेरून आत. आधी बोर्डावरचे व्होल्टेज, तेही चाप पेटलेला असताना मोजावे. लांब आणि बारीक वायरवर ते तेव्हाच पडते. मग प्लग, होल्डर, क्लॅम्प, केबलचे लग : हात लावून गरम जोड शोधावा, पण मशीन बंद करून. मग रॉड. सर्दावलेला रॉड तडतडतो आणि जोडात भोके ठेवतो. रॉड झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी हवेत. पिवळा दिवा लागला तर मशीन गरम झाले आहे. ते बंद करू नये, काम थांबवून पंखा चालू ठेवावा. एवढे करूनही भागले नाही तरच झाकण उघडावे. प्लग काढून काही मिनिटे थांबावे, कारण आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात. धान-गिरण्यांच्या या भागात कोंड्याची धूळ आत बसते, पावसात ओल धरते आणि कार्ड जाळते. ती कोरड्या हवेने, लांबून, पंख्याचे पाते धरून उडवावी.

एक गोष्ट मात्र वहीच्या पहिल्या पानावर आहे. जॉबला लावायच्या क्लॅम्पलाही आमच्याकडे ‘अर्थिंग’ म्हणतात आणि मशीनच्या पेटीला जमिनीशी जोडणाऱ्या वायरलाही ‘अर्थिंग’च. पहिली लावली म्हणून दुसरी लागली असे समजून पुष्कळ जण काम करतात. पेटीत वीज उतरली तर पहिली कोणालाही वाचवत नाही. चाप पेटलेला नसताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्याला ते काही करीत नाहीत, पण घामेजलेल्या अंगाने, अनवाणी, चिखलात उभ्या माणसाचा जीव घ्यायला पुरेसे आहेत. मशीनसोबत येणारी माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि चिखलात उभे राहणारे पाय मात्र आमचे असतात. शब्दांचा असा घोळ निस्तरणे हे भाषा जाणणाऱ्यांचे काम आहे. ते आम्ही शिकलेल्यांनी केलेले नाही.

जात केवळ पाणवठ्यावर राहत नाही. ‘हे तुला कळायचे नाही’ या वाक्यात ती राहते, आणि ते वाक्य आपला माणूसही दुसऱ्या आपल्या माणसाला ऐकवू शकतो. चार गुपिते जपून आपणही नवा भाता उभा करू शकतो. म्हणून भावाने ती वही खिळ्याला टांगून ठेवली आहे. सध्या त्याच्याकडे दोन मुले शिकतात. त्यांतला एक लोहाराच्या घरचा आहे. त्याच्या घरचा भाता बंद पडून वर्षे झाली. त्याने पहिल्या महिन्यातच वहीत एक ओळ वाढवली : केजव्हीलचा चिखल आणि गंज खरवडल्याशिवाय क्लॅम्प लावू नये.

आपल्यातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे, वायरमनकडे, वेल्डरकडे बसावे आणि त्यांची विद्या मराठीत लिहून त्यांच्याच हाती द्यावी. आपल्या संशोधनाला याहून निकडीचा विषय मला दिसत नाही.