गाव घडवते, गावचा देखावा नव्हे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता आरे-वारेच्या टेकडीवर चढला, की दोन्ही अंगांना पुळणी दिसतात, खाली सुरूचे बन दिसते आणि गाडीतले कुणीतरी हमखास म्हणते : इथे जन्मलेला माणूस चित्रकार झाला नाही तरच नवल! गाडीत हे वाक्य निरुपद्रवी असते. पण तेच प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत आणि गौरवग्रंथांत शिरले की त्याचा सिद्धान्त होतो. चित्रकाराचा आरंभ जन्मगावच्या निसर्गाने ठरवला, शाळा आणि गुरू निमित्तमात्र, असा तो सिद्धान्त. जन्मगाव चित्रकाराला घडवते, हे मला मान्य आहे. ते देखाव्याने घडवते, हे साफ अमान्य आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थ नाही. तेव्हा तो त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. पहिले म्हणणे असे की डोळ्यावरचे संस्कार बालपणीच होतात, आणि कोकणातल्या मुलाच्या डोळ्यापुढे जन्मापासून समुद्र, लाल माती आणि पाऊस असतो. दुसरे, कोकणची हवाच ओली, म्हणून इथल्या चित्रकारांचा हात जलरंगात चालतो. तिसरे म्हणजे त्यांचा बिनतोड साक्षीदार : प्र. अ. धोंड. समुद्रचित्रांसाठी त्यांची ख्याती, आणि आत्मकथनाला नावही ‘रापण’. आणि देशी दाखले पुरेनासे झाले की हॉलंड मदतीला येतेच. रेम्ब्रांट चक्कीवाल्याचा मुलगा. चक्कीच्या अंधाऱ्या पोटात वरच्या झरोक्यातून पडणारा उजेड पाहूनच त्याला छायाप्रकाशाचे रहस्य उमगले, असे सांगितले जाते. पूर्वपक्ष देखणा आहे, यात वाद नाही. तो खरा आहे का, एवढेच पाहायचे.

हॉलंडपासूनच आरंभ करू. रेम्ब्रांट 1606 साली लायडनला जन्मला आणि उमेदवारीचे काही महिने वगळता 1631 च्या सुमारापर्यंत तिथेच राहिला. घर ऱ्हाइनच्या काठचे, आडनाव त्याच नदीवरून, बापाची चक्की जवळच. देखाव्याचा सिद्धान्त खरा असेल तर या पंचवीस वर्षांत त्याने नदी किती वेळा रंगवली? चक्की किती वेळा? लायडनचा म्हणून ओळखता येईल असा एक तरी देखावा त्याच्या त्या काळातल्या ज्ञात चित्रांत आहे का? नाही. त्याने रंगवले ते बायबलमधले प्रसंग, म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले चेहरे आणि आरशात दिसणारा स्वतःचा चेहरा. निसर्गचित्रे आली ती पुढे, अॅम्स्टरडॅममध्ये स्थिरावल्यावर.

त्या चक्कीची कथा तर सांगायलाच हवी. 1641 साली रेम्ब्रांटने पवनचक्कीचे एक एचिंग केले. ही बापाची चक्की, हे मुलाचे स्मरण, अशी रसिकांची दीर्घकाळ समजूत होती. संशोधकांनी जागा शोधून काढली तेव्हा ती निघाली अॅम्स्टरडॅमच्या तटावरची, चामडे कमावणाऱ्यांच्या कामाची चक्की. लोक तिला तिच्या दुर्गंधीवरून ओळखत! सिद्धान्तावर प्रेम जडले की नाकसुद्धा साक्ष देईनासे होते.

मग तो झरोक्यातला उजेड? तो इटलीहून आला. काराव्हाज्जोची गडद अंधार आणि तिरपा प्रकाश यांची रीत इटलीत शिकून आलेले युट्रेख्टचे चित्रकार 1620 नंतर हॉलंडमध्ये गाजत होते. तो प्रकाश चित्रांतून चित्रांत आला. पिठाच्या धुळीतून नव्हे.

म्हणजे लायडनने काहीच दिले नाही? उलट, पुष्कळ दिले. लॅटिन शाळा दिली. 1575 पासून विद्यापीठ असलेले, ग्रंथ आणि धर्मचर्चा यांनी गजबजलेले शहर दिले. 1620 साली त्याचे नाव त्या विद्यापीठाच्या पटावर चढलेले आहे. इटलीहून परतलेला याकोब व्हान स्वानेनबर्ग हा पहिला गुरू तिथलाच. मग अॅम्स्टरडॅमला पीटर लास्टमनकडे सहा महिने उमेदवारी करून तो परत आला तोही लायडनलाच. कारण तिथे यान लिव्हेन्स होता. तोही लास्टमनचाच शिष्य, वयाने वर्षभर लहान, पण धंद्यात आधी उतरलेला. दोघे एकाच विषयावर, एकमेकांवर डोळा ठेवून चित्रे काढत. चित्रकारांचा संघ लायडनमध्ये 1648 पर्यंत स्थापनच झाला नव्हता. तेव्हा पोरवयात स्वतःची चित्रशाळा थाटायला आडकाठी कोण करणार? 1628 मध्ये खेरीट डाऊ शिष्य म्हणून आला. पुढे राजदरबारातला कॉन्स्टान्टाइन हॉयखन्स रेम्ब्रांट आणि लिव्हेन्स या दोघांचे काम पाहून थक्क झाला आणि एक चक्कीवाल्याचा मुलगा, दुसरा कशिदाकाराचा, याचे त्याने आवर्जून नवल केले. शाळा, गुरू, तोडीचा स्पर्धक, मोकळा बाजार, जाणता आश्रयदाता. लायडनने दिले ते हे. यात देखावा कुठे आहे?

आता घरच्या अंगणात येऊ. सावळाराम लक्ष्मण हळदणकर 1882 साली सावंतवाडीत जन्मले. जलरंगांतले मातब्बर, कोकणचे सुपुत्र; म्हणजे पूर्वपक्षाला आयतेच सापडलेले. पण सावंतवाडीला समुद्र नाही. तिथे आहे मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळी. लाकडी खेळणी, लाखेचे काम, हाताने रंगवलेले गंजिफा यांचे ते गाव. पलीकडे कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी. रंगवणे हा तिथे पोटाचा धंदा होता आणि दरबार त्याचा गिऱ्हाईक होता. अशा गावात पोराने चित्र काढले तर ‘वाया गेला’ असे कोणी म्हणत नाही. कुणीतरी थांबून पाहते. पाहिलेही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांचे गुण हेरले आणि सावंतवाडीच्या अधिपतींच्या साहाय्याने 1903 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे धुरंधरांसारखे गुरू मिळाले. 1908 साली त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. मुख्याध्यापक, राजा आणि जे. जे. ही साखळी तोडून दाखवा, आणि मग नुसत्या देखाव्यातून हळदणकर उभे करून दाखवा.

त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे निरांजन हाती घेतलेली स्त्री. (म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले हे चित्र राजा रविवर्म्याच्या नावावर खपवण्याचा उद्योग अजून थांबलेला नाही, तो वाद वेगळा.) त्यातही बालपणीच्या सावंतवाडीची तिन्हीसांज शोधणारे आहेतच. चित्र 1945 च्या सुमाराचे. चित्रकाराने साठी ओलांडलेली. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. चाळीस वर्षांच्या साधनेचे श्रेय गावच्या संध्याकाळीला देणे हा त्या हाताचा अपमान आहे.

कोल्हापूर तर पूर्वपक्षाला अडचणीचेच. आबालाल रहिमान, धुरंधर, आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी. एका गावातून इतके! रंकाळा आणि पंचगंगा आहेत, पण तळी नि नद्या कोणत्या गावाला नाहीत? इतरत्र नव्हता तो शाहू छत्रपतींचा दरबार, आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून घेणारा बाजार.

राहिले धोंड. समुद्राने त्यांना विषय दिला, हे मी आनंदाने कबूल करतो. पण तोच समुद्र रापण ओढणाऱ्या शेकडो हातांपुढे रोज होता, आणि धोंडांपेक्षा जास्त वेळ होता. मग तिथे धोंड एकच का? सर्वांना समान असलेली गोष्ट एकाच्या वेगळेपणाचे कारण कशी होईल? फरक पडला तो कागद, कुंचला आणि जे. जे. मधल्या शिक्षणाने, पुढे त्याच संस्थेचे ते अधिष्ठाता झाले. आणि ओल्या हवेची थोरवी गाणाऱ्यांनी श्रावणात एखादा जलरंगाचा कागद उघड्यावर वाळवून पाहावा.

आजचा दाखला रत्नागिरी जिल्ह्यातलाच आहे. जलरंगांतले निसर्गचित्रकार गेल्या काही दशकांत जिथून सातत्याने बाहेर पडले, ते सावर्डे चिपळूण तालुक्यातले, मुंबई–गोवा महामार्गावरचे. तिथे पुळण नाही. तिथे सह्याद्री कला महाविद्यालय आहे.

वाचकहो, पुरावा तुमच्यापुढे आहे. निवाडाही तुम्हीच करा. देखाव्याचा सिद्धान्त केवळ चुकीचा असता तर मी इतकी शाई खर्चली नसती. तो सोयीचाही आहे. निसर्गच चित्रकार घडवतो म्हटले की बाकीच्यांना काही करायला उरत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कलाशिक्षकाची तरतूद आहे, पण शंभराहून जास्त मुले असतील तरच. किनाऱ्यावरच्या खेड्यांतल्या किती शाळा हा आकडा गाठतात? आरे-वारेच्या टेकडीवर ‘इथे चित्रकार जन्मावेत’ असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी खाली गावात उतरून शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे का, एवढे विचारावे. नसेल तर तो मागावा.