कुंडी तराजूत घालणारा पाद्री

एप्रिल उजाडला की ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये पश्चिमेकडच्या गॅलऱ्यांतून एक दृश्य हमखास दिसते. भर दुपारी जास्वंदीने, क्रोटनने माना टाकलेल्या असतात आणि घरातले कोणीतरी लगबगीने तांब्याभर पाणी ओतत असते. संध्याकाळी पाने टवटवीत होतात व श्रेय तांब्याला मिळते. पण ते खरोखर त्याचे असते का?

उन्हाळी पाण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिला. नव्या रोपांना ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकली तरच पाणी द्यावे, असे तो सांगतो. हा नियम अनुभवातून आलेला होता.

रोपाच्या पाण्याचा हिशेब तराजूने मांडला तो इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या पाद्र्याने. १७२४ च्या उन्हाळ्यात त्याने कुंडीतले साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल घेतले. मातीतले पाणी परस्पर उडून जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ वजन घेतले. दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी पानांवाटे जाई. कडक, कोरड्या दिवशी ३० औंस. उबदार कोरड्या रात्री जेमतेम ३ औंस, तर दव पडल्यास काहीच नाही. हे निष्कर्ष १७२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

आता आपल्या गॅलरीकडे वळू. दुपारी पाने जेवढे पाणी गमावतात, तेवढे मुळांना त्या वेळी पुरवता येत नाही. म्हणून माती ओली असूनही रोप मान टाकते. ऊन उतरले की ते आपोआप सावरते. ओल्या मातीत पुन्हा पाणी ओतले, तर मातीतली हवा निघून जाते, मुळे कुजतात, पाने पुन्हा मलूल होतात आणि आणखी एक तांब्या ओतला जातो! अशी रोपे तहानेने मरत नाहीत, मायेने मरतात.

म्हणून रोपाची परीक्षा पहाटे घ्यावी. तेव्हाही पाने मलूल असतील आणि माती बोटाला कोरडी लागली, तर पाणी द्यावे. दुपारी हवी ती सावली. मातीवर पालापाचोळा पसरला, तर तो हेल्सच्या पत्र्याचेच काम थोडेफार करतो.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड खोडाभोवती बांधावे आणि सकाळ-संध्याकाळ वजन करावे. उत्तर विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.